आजींच्या कुंडीतली ओली माती

एका मुलीचं पत्र आलं आहे. थोडं छोटं करून देते.

"ताई, मी १६ वर्षांची आहे. नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट कोणालाच माहीत नाही. गेले ४ महिने मी आमच्या इमारतीतल्या लोकांची छोटी छोटी कामं गुपचूप करते. सुरुवात सहज झाली. तळमजल्यावरच्या काकांचं वर्तमानपत्र पावसात भिजत पडलं होतं, ते उचलून मी त्यांच्या दाराच्या कडीत अडकवलं. संध्याकाळी ते कोणाला तरी सांगत होते, 'कोण देवमाणूस आहे, कळत नाही.' मला इतकं छान वाटलं! मग नादच लागला. जिन्यातला गेलेला दिवा रात्री स्टुलावर चढून बदलला. एका ताईंना तान्हं बाळ आहे, त्यांनी दाराबाहेर ठेवलेला कचरा सकाळी मी खाली नेते. परीक्षेला घाबरलेल्या एका मुलाच्या सायकलला धीर देणारी चिठ्ठी लावली. दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्या दाराबाहेरच्या कुंड्यांना मी पहाटे पाणी घालते. सगळं एका वहीत लिहून ठेवते. ६३ नोंदी झाल्यात.

पण आता दोन गोष्टी झाल्या. दिव्याचं श्रेय वरच्या मजल्यावरच्या एका दादाला मिळालं. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं आणि तो नुसता हसला. मी खोलीत जाऊन रडले. मग माझी मलाच लाज वाटली. नाव नको होतं म्हणूनच गुपचूप करत होते ना? मग रडू का आलं? म्हणजे माझा चांगुलपणा खोटाच होता का?

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. परवा आजी जिन्यात आईला म्हणाल्या, 'मला हल्ली विसरायला होतंय गं. कुंड्यांना पाणी घातलेलं आठवत नाही, आणि बघावं तर माती ओली. कधी घातलं मी?' झाडंही पिवळी पडलीत. त्यांचा मुलगा म्हणतोय, आता एकटी राहू नकोस, घर बंद कर आणि आमच्याकडे ये. आई घरी येऊन 'बिचाऱ्या' म्हणाली. मला काही बोलताच आलं नाही. मी सांगू का? सांगितलं तर त्या रागावतील, आई रागावेल, आणि सगळंच संपेल. न सांगता पाणी घालायचं बंद केलं तर चालेल का?"

बाळा, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला वेळ नाही. न सांगता बंद केलेलं चालणार नाही. आजींना सांग, आणि आजच सांग.  पण कसं सांगायचं ते पुढे लिहिलंय, तेवढं आधी वाच.

एवढी घाई का, ते नीट समजून घे.

आपण रोज ठरल्या वेळी जी कामं करतो ती डोक्यात वेगवेगळी साठत नाहीत. कुलूप लावलं का, शेगडी बंद केली का, गोळी घेतली का, हे बघायला माणसं अर्ध्या वाटेतून परत येतात, आणि त्यात तरुण माणसंही असतात. कालचं, परवाचं आणि आजचं कुलूप एकमेकांत मिसळून गेलेलं असतं. मार्सिया जॉन्सन आणि कॅरल रे या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये यावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. एखादी गोष्ट आपण खरंच केली की नुसती मनात आणली, हे आपल्याला कसं कळतं, हा त्यांचा विषय. त्यांचं म्हणणं असं, की आठवणीवर 'ही खरी' असा शिक्का नसतो. तिच्यात रंग, आवाज, जागा, वेळ असे बारकावे किती आहेत यावरून मन अंदाज बांधतं. रोजच्या सवयीच्या कामात हे बारकावे मुळातच पुसट असतात, म्हणून तिथे अंदाज चुकायला फार जागा असते.

आता आजींकडे बघ. त्यांची आठवण अगदी बरोबर होती. त्यांनी पाणी घातलं नव्हतं आणि घातल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण समोर माती ओली. आठवण म्हणते नाही, माती म्हणते हो. अशा वेळी कोणीही शहाणा माणूस मातीवरच विश्वास ठेवेल. त्यांनीही तेच केलं, आणि नसलेली चूक स्वतःच्या पदरात घेतली.

झाडांचंही तसंच झालं असावं. आजी त्यांच्या वेळेला पाणी घालत असणार आणि तू तुझ्या वेळेला. कुंडीतल्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून वर पान पिवळं पडतं, फांदी मान टाकते, आणि झाड तहानल्यासारखं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडतंय, आणि तो आणखी घालतो. रोज आपल्या हाताने वाढवलेली झाडं अशी जाताना बघणाऱ्या बाईला आपल्याबद्दल काय वाटत असेल, याचा विचार कर.

आणि तू गुपचूप थांबलीस तर काय होईल? त्या आता मातीच्या भरवशावर आहेत. ओली असणारच, असं धरून एखाद्या दिवशी पाणी घालणार नाहीत. मग माती सुकलेली दिसेल आणि त्या म्हणतील, घातलेलं आठवत नव्हतं ते होतंच, आता घालायचंही विसरायला लागले. तुझं थांबणं त्यांच्या शंकेला आणखी एक पुरावा देऊन जाईल. ही शंका फक्त तुझ्या बोलण्याने फिटू शकते.

आजींच्या मुलाला घर बंद करावंसं वाटण्याची आणखीही कारणं असतील, गुडघे आहेत, वय आहे. तो सगळा भार मी तुझ्या डोक्यावर ठेवत नाही. कदाचित थोडं विसरणं खरंही असेल, ते डॉक्टर बघतील. पण ते घर राहणार की जाणार हे ठरवताना जी माहिती लागणार आहे तिच्यातला एक तुकडा तुझ्याकडे आहे, आणि तो खोलीत दडवून ठेवायचा तुला हक्क नाही. हे मी कडक शब्दांत लिहितेय. तू सोळाची आहेस आणि हे पेलू शकतेस असं तुझ्या पत्रातून मला दिसतं. 'दुसरी गोष्ट जास्त वाईट' हे वाक्य तू स्वतः लिहिलंस. स्वतःच्या रडण्यापेक्षा आजींची शंका तुला मोठी वाटली. तुझा चांगुलपणा खोटा आहे का, याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

आता माझी एक गोष्ट. मी तुझ्याहून थोडी लहान असताना वडील खूप आजारी पडले. घरात पैशांची ओढाताण होती, पण आईने ती कोणाला दिसू दिली नव्हती. एका सकाळी दार उघडलं तर बाहेर एक कापडी पिशवी. आत माझ्या वर्गाला लागणाऱ्या सगळ्या वह्या, कव्हरं घातलेली. चिठ्ठी नाही, काही नाही. आई पिशवी धरून दारात कितीतरी वेळ उभी होती. त्या वर्षी आई शेजारच्या कोणाशीच भांडली नाही. नळावरून नाही, कचऱ्यावरून नाही, वरून टपकणाऱ्या पाण्यावरूनही नाही. कारण समोरचा प्रत्येक माणूस तो असू शकत होता. एका पिशवीचं पुण्य सगळ्या इमारतीच्या खात्यावर जमा झालं. नाव नसण्याची ही ताकद मी घरात बघितली आहे. काकांनी 'देवमाणूस' म्हटलं तेव्हा तुला जे वाटलं तेही याच जातीचं, त्यामुळे ते सोडून दे असं मी म्हणणार नाही.

पण त्या गोष्टीचं दुसरं टोकही सांगते. ती पिशवी आईने धुतली, उन्हात वाळवली, घडी घातली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवली. परत द्यायला. कोणाला, ते कधीच कळलं नाही. दर वर्षी कपाट आवरताना ती घडी खाली यायची, फळी पुसून व्हायची आणि घडी परत वर जायची. वडील बरे झाले, दिवस पालटले, आईच्या हातात द्यायला काही आलं, पण द्यायचं कोणाला ते माहीत नव्हतं. आई गेल्यावर कपाट मी आवरलं. पिशवी तिथेच होती.

मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये भेट देण्याघेण्यावर एक मोठा निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही माणसांना एकमेकांशी बांधतात, असं त्याचं म्हणणं. तो निबंध मी खूप उशिरा वाचला, आणि वाचताना कपाटातली घडीच डोळ्यांपुढे होती. आईला घ्यायची संधी मिळाली, परत करायची कधी मिळाली नाही. ज्याने वह्या ठेवल्या त्याला आईचा मान सांभाळायचा होता, आणि त्याने तो सांभाळला, यात शंका नाही. तरी एक टोक मोकळंच राहिलं.

'उजव्या हाताने केलेलं डाव्या हाताला कळू नये' हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्यामुळे जितकं गुप्त तितकं पवित्र असं मनात बसतं. बाराव्या शतकातला ज्यू विचारवंत मायमोनिदीज याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. देणाऱ्याला घेणारा माहीत, पण घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, ही वरून तिसरी. दारात गुपचूप पैसे ठेवून जाणाऱ्या थोरांचं उदाहरण त्याने तिथे दिलं आहे. म्हणजे तू आठांतली तिसरी गाठली आहेस. दुसरीवर दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर? तिथे गुप्ततेची अटच नाही. अडलेल्या माणसाला उसने देणं, त्याला भागीदार करून घेणं, काम मिळवून देणं, थोडक्यात तो स्वतःच्या पायावर उभा राहील असं करणं, हे सर्वांत श्रेष्ठ. भागीदारी काही निनावी करता येत नाही. तिथे समोरासमोर यावं लागतं.

मला तुला जे सांगायचंय ते हेच. तुझं गुपित आजींच्या सोयीसाठी होतं. त्यांना ओशाळं वाटू नये, कोणाचे उपकार झाले असं वाटू नये म्हणून. ज्या दिवशी ते त्यांनाच जड झालं त्या दिवशी त्याचं काम संपलं. शिवाय निनावी मदतीत एक अडचण असते, ती घेणाऱ्याला नाकारता येत नाही. 'नको गं, मीच घालते, तेवढाच सकाळचा विरंगुळा' असं आजी तुला म्हणू शकल्या असत्या. 'मंगळवारी नको, मोठ्या कुंडीला कमी घाल' असं सांगू शकल्या असत्या. तू कोण हेच माहीत नाही, तर सांगणार कोणाला?

आता कसं सांगायचं ते.

आधी आईला सांग. तिची परवानगी लागते म्हणून नव्हे. आजींनी आपली काळजी तिच्यापाशी बोलून दाखवली आहे, आणि मुलाशी बोलायची वेळ आली तर मोठ्या माणसाचं बोलणं कामी येईल. आई रागावली तर बहुधा पहाटे एकटी जिन्यात फिरलीस आणि रात्री स्टुलावर चढून दिव्याला हात घातलास यावर रागावेल, आणि तो राग मला पूर्ण पटेल. दिवा बदलताना बटण बंद हवं, तापलेला दिवा गार होऊ द्यायला हवा, आणि खाली स्टूल धरायला माणूस हवा. अंधाऱ्या जिन्यात तू पडली असतीस तर सकाळपर्यंत कोणाला कळलंही नसतं. यापुढे जे काही गुपचूप करशील ते घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला माहीत असू दे. त्याने कामाचं गुपित फुटत नाही.

आजींकडे दिवसा जा, त्यांना निवांत वेळ असेल तेव्हा. आईला बरोबर नेलंस तर उत्तम, पण बोल तू. प्रस्तावना करू नकोस. 'आजी, तुमच्या कुंड्यांना पहाटे मी पाणी घालत होते. तुम्ही विसरला नाहीत. माती माझ्यामुळे ओली असायची.' एवढंच, याच क्रमाने. 'तुम्ही विसरला नाहीत' हे वाक्य खाली पडू देऊ नकोस, त्यासाठीच तू गेली आहेस. मग 'माझं चुकलं, न विचारता केलं' म्हण आणि गप्प राहा. गुडघ्यांचा विषय काढू नकोस. 'तुम्हाला जमत नाही म्हणून' हे तर मुळीच नको.

त्या रागावतील का? रागावू शकतात. गेले कित्येक दिवस त्या स्वतःच्या डोक्यावर संशय घेऊन झोपल्या आहेत. तो संशय उतरला की आधी हायसं वाटेल आणि पाठोपाठ राग येईल, किंवा उलट. दोन्ही सोस. 'पण मी चांगल्यासाठीच' हे तोंडातून काढू नकोस. ते त्यांना न सांगता कळेल, आणि तू सांगितलंस तर त्यांना तुझीच समजूत काढत बसावं लागेल.

जमलं तर वही बरोबर ने. पाणी घातल्याच्या तारखा तू लिहिल्या असशील. त्या बघून आजींना आणि त्यांच्या मुलाला कोणता दिवस कोणाचा हे पडताळता येईल. डॉक्टरांकडे जायचं ठरलंच तर 'माती ओली असायची' ही तक्रार यादीतून खोडता येईल, आणि बाकी काही असेल तर ते स्वच्छ दिसेल. तुझी वही इतक्या उपयोगाची ठरेल असं तुला वाटलं नसेल.

शेवटी विचार, 'झाडं वाचतील का? मला दाखवाल का?' हे मनापासून विचार, कारण तुला ते खरंच येत नाही. बोटाची दोन पेरं मातीत घालून बघायचं, ओल लागली तर पाणी नको, हे त्या तुला एका मिनिटात शिकवतील. ज्या बाईला आठवडाभर आपलं डोकं चालत नाही असं वाटत होतं, तिला त्या मिनिटात कोणाला तरी काहीतरी नीट शिकवायला मिळेल. आणि त्यांनी तुझ्या हातावर काही ठेवलं, छोटंसं का असेना, तर नको म्हणू नकोस. घे. माझ्या आईला ते करता आलं नाही.

तुझी एक भीती अशी दिसते, की कळलं की त्यातली मजा गेली, मग तू नुसती कुंडीला पाणी घालणारी शेजारची मुलगी. याबद्दल अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचं एक संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. लहानसहान भलं करणाऱ्यांनी समोरच्याला किती बरं वाटेल याचा जो अंदाज केला, त्यापेक्षा समोरच्यांना कितीतरी जास्त बरं वाटत होतं. कारण असं निघालं, की देणारा आपण काय दिलं तेवढंच मोजतो, आणि घेणाऱ्याच्या मनाला त्यामागची माया लागते. चार तांबे पाणी आजी कसंही घालू शकल्या असत्या. चौथ्या महिन्यातही पहाटे उठून कोणी आपला विचार करत होतं, हे त्यांना अजून कळलेलंच नाही. कळलं की त्यांना काय वाटेल याचा तुझा अंदाज बहुतेक कमीच निघेल.

आता रडण्याविषयी. त्या दादाचं आधी उरकते. त्याला सोडून दे. कदाचित त्याने 'मी नाही' म्हटलं असेल आणि लोकांनी ते नम्रपणात काढलं असेल. कदाचित चार लोकांत कौतुक झाल्यावर त्याला बोलायला सुचलं नसेल. यापुढे दिवा गेला की लोक त्याच्याकडे बघतील आणि तो बदलेल. जिन्यात उजेड राहील.

तुझं रडू मात्र मला महत्त्वाचं वाटतं. तुला वाटतंय, खरं चांगलं माणूस कौतुकाची भूक ठेवत नाही, आणि चांगलं करून मनाला बरं वाटलं तर तो एक प्रकारचा स्वार्थच. हे कोणी तुझ्या डोक्यात घातलं माहीत नाही, पण ते काढून टाक. २०१२ मध्ये लारा अ‍ॅकनिन, काइली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन यांनी दोन वर्षांच्या आतल्या बाळांवर एक प्रयोग केला. खाऊ मिळाला तेव्हा बाळांचे चेहरे जितके खुलले, त्याहून तो एका बाहुल्याला दिला तेव्हा जास्त खुलले, आणि स्वतःच्या वाटीतला दिला तेव्हा त्याहूनही जास्त. ज्यांना 'स्वार्थ' हा शब्दही माहीत नाही त्यांना देताना आनंद होतो. तो आनंद देण्याच्या अंगातच आहे, वरून चोपडलेला नाही.

कौतुकाची भूक ही मात्र वेगळी गोष्ट, आणि तिच्याकडे डोळे उघडे ठेवून बघायला हवं. फेलिक्स वार्नकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर असाच प्रयोग केला. हातून निसटलेली वस्तू उचलून देणाऱ्या काही मुलांना दर वेळी बक्षीस दिलं, काहींना नुसतं शाबासकीचं बोलले, काहींना काहीच नाही. पुढे बक्षीस बंद झाल्यावर, ज्यांना ते मिळत होतं त्यांची मदत इतरांपेक्षा कमी झाली. शाबासकीच्या शब्दांनी तसं नुकसान झालं नाही. हे तू आईलाही वाचून दाखव, म्हणजे सगळं कळल्यावर ती तुला काही घेऊन देण्याच्या फंदात पडणार नाही. पाठीवरून हात फिरवला तरी पुरे.

तुला बक्षीस नको होतं. चार महिने तू एक मोठी गोष्ट एकटीने सांभाळलीस, बोलायला कोणी नव्हतं, आणि अचानक ती दुसऱ्याच्या नावावर गेलेली दिसली. कोणालाही रडू येईल. त्या रात्री घरात एका तरी माणसाला 'अगं, तो दिवा मी बदलला होता' असं कुजबुजता आलं असतं, तर तुझं निम्मं दुःख तिथेच संपलं असतं. म्हणूनही म्हणते, आईला सांग.

बाकीच्या कामांचं काय करायचं, ते तू ठरव. काकांचं वर्तमानपत्र खुशाल निनावी राहू दे, त्यात कोणाची फसगत नाही आणि त्यांना कोडंही आवडतंय. बाळाच्या आईला मात्र एकदा सांग, कारण त्यांना 'आज नको, त्यात काढून घ्यायचं राहिलंय' असं कधीतरी सांगावं लागेल. शिवाय जिच्या घरात तान्हं बाळ आहे तिला दाराबाहेर रोज कोणीतरी येऊन जातं, ते कोण, हे माहीत असलेलं बरं. चिठ्ठी लावलीस त्या मुलाकडे जरा लक्ष ठेव. तुमच्या वयात निनावी चिठ्ठी चेष्टेसाठीही लावतात. त्याला तसं वाटलं असेल असं दिसलं, तर समोर जाऊन 'ती माझी होती, आणि मी खरंच लिहिलं होतं' म्हण.

एक काम वहीत आजपासून कर. प्रत्येक नोंदीपुढे 'मी काय केलं' याच्या शेजारी 'त्यांना काय हवं होतं, आणि ते मला कसं कळलं' हे लिही. पहिले काही दिवस ती जागा कोरी राहील. कोरी राहिली तर राहू दे, उगाच काहीतरी भरू नकोस.

वहीतली चौसष्टावी नोंद आज दुपारी होईल असं मी धरून चालते. आजी काय म्हणाल्या ते कळव. आत्तासारखंच नाव घातलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
ताई